तलवारीशेजारची जागा

म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या नागोजीरावांच्या घरी दसऱ्यातल्या आयुधपूजेचा थाट ठरलेला. खापरपणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते, त्यांची तलवार त्या दिवशी माळ्यावरून खाली यायची. तिने लढाईत नेमकं काय केलं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तिचा रुबाब असा की जणू सगळं राज्य तिनेच राखलं. तिला तेल लावून पुसायचं, देवापुढच्या पाटावर ठेवायचं, आणि मग घरातल्या प्रत्येकाने आपल्या पोटापाण्याचं हत्यार तिच्या शेजारी मांडायचं. शकुंतलाबाईंची शिलाईची कात्री, धाकट्या गगनचा विजेचा टेस्टर, नागोजीरावांचं शाईचं पेन आणि त्यांच्या ऑफिसची किल्ली. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर शेवंतीची फुलं.

थोरल्या लेकीने, वेदवतीने, पहिल्या पगाराच्या वर्षी मोठ्या हौसेने आपला लॅपटॉप आणला आणि पाटावर टेकवणार, तोच अप्पांनी, म्हणजे नागोजीरावांनी, हात आडवा धरला.

"हे उचल. चोराची पहार कोणी देवापुढे ठेवतं का?"

तेव्हापासून दर आयुधपूजेला लॅपटॉप चपलांच्या मांडणीवरच्या खिळ्याला, पिशवीत लटकलेला. वेदवती हसण्यावारी न्यायची. पण खरं सांगायचं तर तिला ते लागायचं, आणि दर वर्षी नव्याने लागायचं.

तिचं काम तरी काय? लोकांच्या ऑफिसात जायचं, त्यांच्याच परवानगीने त्यांच्याच नेटवर्कात शिरायचं, आणि कुठून शिरता आलं ते त्यांना सांगायचं. म्हैसुरातली कॉलेजं, हॉटेलं, दोन-चार कारखाने तिला बोलवायचे. तिच्या लॅपटॉपवर जी साधनं होती, तीच चोरही वापरतात, हे अप्पांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. एक साधन नेटवर्कातल्या एकेका यंत्राला हाक मारून बघायचं, कोण ओ देतं ते. दुसरं, ओ देणाऱ्याच्या दाराला कडी आहे का नुसतंच लोटलंय, ते तपासायचं. फरक एवढाच की वेदवती मालकाची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय कुठल्याही दाराला बोट लावत नसे. स्वतःच्या मामाच्या दुकानातलं वायफायसुद्धा तिने कधी विचारल्याशिवाय चाळलं नाही. पण हे अप्पांना कोण समजावणार? त्यांनी एकदा काय ते ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

नागोजीराव स्वतः म्हणजे गुपितांचं कोठार. समाजाच्या संघाचे ते चिटणीस. संघाचं एक लग्नाचं कार्यालय होतं, आणि त्याला लागूनच एका खोलीत वधूवर मंडळ. म्हैसूर, सरगूर, पिरियापट्टणपर्यंतच्या सगळ्या मराठी घरांतल्या उपवर मुलामुलींची माहिती त्या खोलीत. पत्रिका, फोटो, नोकरी, आणि आईबापांनी चिटणिसांच्या कानात सांगितलेल्या चार गोष्टीसुद्धा. पूर्वी हे कपाटात असे, आता कॉम्प्युटरात. खोलीची किल्ली अप्पांच्या करगोट्याला बांधलेली. आंघोळीलाही ती सुटत नसे, सुटायची ती फक्त आयुधपूजेला, पूजेपुरती. कोणाची पत्रिका कोणाला दाखवायची हे ते ठरवणार, आणि एकाचं दुसऱ्याला कधीही सांगणार नाहीत. इतकी वर्षं संसार केलेल्या शकुंतलाबाईंनी खोदून खोदून विचारलं तरी उत्तर एकच, "सुम्मने रहा गं," म्हणजे उगी रहा. साऱ्या समाजात त्यांची एकच श्रीमंती होती. नागोजीरावांच्या पोटातलं ओठावर येत नाही, असं लोक म्हणत.

तर त्या नावालाच श्रावणात सुरुंग लागला.

वनजा घरी आली ती तणतणतच. ती लांबच्या नात्यातली, अप्पांना मामा म्हणणारी. तिच्या काव्याला बघायला सरगूरची मंडळी आली होती. पोहे झाले, कॉफी झाली, आणि मुलाच्या आईने गोड आवाजात विचारलं की मुलीचं आधी एकदा ठरून मोडलं होतं ते कशामुळे.

"मामा, ही गोष्ट मी फक्त तुमच्या कानावर घातली होती," वनजा म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, नोंद करून ठेवतो, योग्य वेळी मीच बोलेन. मग त्यांना कळलं कसं? काव्या माझ्याशी धड बोलत नाहीये."

अप्पांनी कमरेची किल्ली चाचपली. "मी नाही सांगितलं, वनजा."

"खोलीची किल्ली तुमच्याच कमरेला, अल्वा? हो की नाही?"

आठवड्यात आणखी दोन घरांतून तसंच गाऱ्हाणं आलं. संघाचे अध्यक्ष रघुनाथराव स्वभावाने भले, पण भिडस्त. त्यांनी अप्पांना बोलावून, नजर टाळत सांगितलं की येत्या रविवारी समितीची बैठक आहे, तोवर काही उलगडा झाला नाही तर किल्ली दुसऱ्या कोणाकडे द्यावी लागेल. लोकांचं तोंड कसं धरणार?

अप्पा घरी आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताट तसंच सरकवलं. वेदवतीचा जीव तुटला.

"अप्पा, मी एकदा तुमच्या ऑफिसचं नेटवर्क तपासून बघू?"

"माझ्यावर चुगलीचा आळ आलाय, तो पुसायला आता चोरीची विद्या वापरू?" अप्पा म्हणाले. "खोलीला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे. तुझ्या यंत्राचा काय संबंध?"

"संबंध आहे म्हणूनच विचारतेय."

"बेडा. नको म्हटलं ना."

बाप तशी लेक. वेदवती सरळ रघुनाथरावांकडे गेली आणि अध्यक्ष म्हणून त्यांची लेखी परवानगी मागितली. रघुनाथरावांना नेटवर्कातलं काही कळत नव्हतं, पण जुन्या मित्राची किल्ली काढून घेण्यापेक्षा एक सही बरी, एवढं त्यांना कळलं. सही करताना म्हणाले, "उद्या कार्यालयात लग्न आहे, मी जेवायला असणारच. माझ्यादेखतच काय ते कर."

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी वेदवती रेशमी साडी नेसून जेवणाच्या पंगतीत बसली. डाव्या हाताला रघुनाथराव, समोर केळीचं पान, पानाच्या कडेला फोन. भिंतीवर मोठ्या अक्षरात वायफायचा पासवर्ड लिहिला होता, खाली 'आलेल्या पाहुण्यांसाठी'. कोसंबिरी वाढली जात होती तेव्हा ती त्या वायफायला जोडली गेली. भात आला तेव्हा तिच्या फोनने हाका मारायला सुरुवात केली. सांबार येईपर्यंत यादी तयार. पाहुण्यांचे ढीगभर फोन, एक प्रिंटर, भटारखान्यातला कॅमेरा, आणि सगळ्यांच्या मधोमध, निवांत, वधूवर मंडळाचा कॉम्प्युटर.

कॅमेऱ्याचा पासवर्ड कंपनीतून आला तोच होता. त्यात मुख्य आचारी कोपऱ्यात उभं राहून होळिगे, म्हणजे पुरणपोळी, खाताना दिसला. वेदवतीने तो मुद्दा मोठ्या मनाने सोडून दिला.

मग तिने कॉम्प्युटरला विचारलं, तुझ्याकडे सगळ्यांसाठी उघडं असं काय आहे? कॉम्प्युटरने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे एक फोल्डर पुढे केलं. पासवर्ड नाही, कडी नाही, काही नाही. तिने ते उघडलं, एक पान निवडलं आणि फोन डावीकडे सरकवला.

रघुनाथरावांच्या हातातला होळिगेचा घास हातातच राहिला. समोर त्यांच्या सख्ख्या नातीची पत्रिका होती. फोटोसकट.

"हे तू ऑफिसात जाऊन आणलंस?"

"काका, मी पानावरून उठलेलीसुद्धा नाही. इथे बसलेल्या कोणालाही हे दिसतं. अप्पांची किल्ली कमरेलाच आहे, पण घराचं मागचं दार सताड उघडं आहे."

तेवढ्यात उजवीकडच्या पानावरून गोदावरीबाई वाकल्या. गोदावरीबाई म्हणजे सगळ्या समाजाची हक्काची मावशी, लग्नं जुळवणं हा त्यांचा श्वास. त्यांनी चष्मा वर करून फोनकडे पाहिलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "अगं, तुझ्या फोनमध्ये पण येतं का हे? माझ्यात केव्हापासून येतं. मागच्या लग्नात फोटो शोधत होते, तर त्यात ह्या कार्यालयाचं नाव दिसलं, बोट ठेवलं, तर आत सगळी मुलं-मुली. फार छान सोय केलीय संघाने. सरगूरच्यांना मीच तर काव्याचं सांगितलं."

रघुनाथरावांना ठसका लागला. वेदवतीने त्यांना पाणी दिलं. गोदावरीबाईंना मात्र सगळे आपल्याकडे असे का बघताहेत ते कळेना. त्यांनी शांतपणे आणखी एक होळिगे मागून घेतली. त्यांच्या मनात पाप नव्हतं, हीच तर पंचाईत. रागवायचं तरी कोणावर?

वेदवतीने फोल्डर बंद करण्याआधी एक नजर त्यातल्या स्वतःच्या माहितीच्या पानावर टाकली. टाकायला नको होती, पण माणूसच ती. नाव, नक्षत्र, उंची सगळं बरोबर. नोकरीच्या जागी अप्पांच्या शब्दांत, 'कॉम्प्युटर शिक्षिका.' तिला हसू आलं. जगात एवढी लोटलेली दारं उघडून बघितली, पण आपल्या बापाने आपल्याला कुठे लपवलंय ते आज बघितलं.

रविवारी बैठकीत रघुनाथरावांनी झालेलं सगळं सांगितलं, गोदावरीबाईंच्या सोयीसकट. खोलीत हशा पिकला. बैठकीला आलेल्या वनजाचा चेहरा उतरला. मग कोणीतरी साहजिकच विचारलं की पाहुण्यांचं वायफाय आणि ऑफिसचा कॉम्प्युटर एकाच तारेवर आले कसे, आणि फोल्डरचा पासवर्ड काढला कोणी.

वेदवतीला ते ठाऊक होतं. कालच तिने कार्यालयाच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं होतं. पण अप्पांना ती काहीच बोलली नव्हती. आत्ता तिने तोंड उघडलं, "बऱ्याच ठिकाणी असं होतं, मांडणी जुनी असली की..."

"मी," नागोजीराव म्हणाले.

ते उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. "लग्नाला आलेला माणूस वायफाय मागतो, त्याला नाही म्हणायचं? म्हणून ऑफिसातली तार मी कार्यालयात ओढायला लावली. भटजींना पत्रिका जुळवायला मांडवात बसून बघता याव्यात म्हणून फोल्डर उघडं ठेवायला लावलं. कॉम्प्युटरवाला म्हणाला पासवर्ड ठेवा, तर मी म्हटलं, आपल्याच घरात आपल्यालाच विचारायचं, तू कोण म्हणून? पुढचं दार मी राखत बसलो आणि मागची भिंत माझ्याच हाताने पाडली. किल्ली घ्या."

त्यांनी कमरेला हात घातला. वनजा पटकन पुढे झाली आणि त्यांचा हात धरला. "मामा, राहू द्या. तुम्ही कोणाला सांगितलं नव्हतं, एवढंच मला हवं होतं. मी बोलले ते चुकले." काव्याने त्या सरगूरच्या मुलाला स्वतःच फोन करून सगळं सांगून टाकलं होतं, आणि तो म्हणे हसला होता. पुढचं ते दोघं बघतील.

समितीने दोन गोष्टी ठरवल्या. किल्ली नागोजीरावांकडेच राहील, आणि नेटवर्क वेदवती बघेल. तिने पाहुण्यांचं वायफाय वेगळं काढलं, फोल्डरला कडी घातली, कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला. आचाऱ्याला एकट्याला गाठून फक्त एवढंच सांगितलं की होळिगे छान झाली होती.

अप्पा तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. तिच्या बोटांकडे बराच वेळ बघून म्हणाले, "पंगतीत बसून तू हे सगळं बघितलंस. कोणाला सांगितलंस?"

"रघुनाथकाकांना. परवानगी त्यांची होती."

"आईला?"

"नाही."

"आई विचारत होती, अल्वा?"

"तीन दिवस मागे लागली होती. मी म्हटलं, सुम्मने रहा."

अप्पांनी मान हलवली. मग म्हणाले, "तुझ्या पानावर नोकरीपुढे काय लिहायचं ते सांग. मी लिहिलेलं बरोबर नाही."

"चोर लिहा."

"वेडी आहेस," अप्पा म्हणाले, पण त्यांचे डोळे हसत होते.

दसरा आला. आयुधपूजेच्या सकाळी गल्लीभर गाड्यांना झेंडूच्या माळा, दारोदारी दृष्ट काढून फोडलेले कोहळे. माळ्यावरून तलवार उतरली. शकुंतलाबाईंनी कात्री मांडली, गगनने टेस्टर. वेदवतीने सवयीने लॅपटॉपची पिशवी उचलली आणि चपलांच्या मांडणीकडे वळली.

"तिकडे कुठे?" अप्पांचा आवाज आला. "इकडे आण ते."

ते पाटापुढे गुडघ्यांवर बसले. एवढी वर्षं मधोमध मिरवणारी तलवार त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि कडेला सरकवली. रिकाम्या जागी वेदवतीने लॅपटॉप ठेवला. अप्पांनी बोटावर कुंकू घेतलं आणि थबकले.

"ह्याला पासवर्ड आहे ना?"

"आहे, अप्पा."

"मग हरकत नाही." त्यांनी झाकणावर ठसठशीत कुंकू लावलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं. मग करगोट्याची गाठ सोडून किल्ली काढली, आणि दर वर्षी पेनाशेजारी ठेवायची ती या वर्षी लॅपटॉपवर ठेवली.

आरती झाली, चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटून झाला. गगनने टेस्टर खिशात टाकला, आईने कात्री उचलली, अप्पांनी पेन सदऱ्याला अडकवलं आणि ते कॉफीला उठले.

"अप्पा, किल्ली राहिली तुमची," वेदवती म्हणाली.

"राहू दे," ते वळून न बघता म्हणाले. "जागच्या जागी आहे."