हाताच्या फेऱ्याची टाकी

बेंबळीच्या आसपास लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी अजीजाबीच्या कारखान्यात येई. कारखाना म्हणजे तीन पत्र्यांचे आडोसे, सहा पाथरवट आणि काळ्या दगडांचा ढीग. पण तिथली जाती परंड्यापासून तुळजापूरपर्यंत घरोघर दळत होती. नवरा मकबूल वारला तेव्हा लोकांना वाटलं, बाई दगड विकून मोकळी होईल. ती झाली नाही.

दगड घडवणं पुरुषांचं. जातं पास करणं तिचं. नवं जातं झालं की ती एक पाय पसरून बसे, ओंजळभर ज्वारी घालून खुंटा धरी. पहिलं कचकचीत पीठ कोंबड्यांना. दुसरं ती तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळी. कच लागली की जातं परत टाकीला, छन्नीनं टोचून घ्यायला. म्हातारीच्या अंगठ्याला डोळे आहेत, असं पाथरवट मागं म्हणत. तिला ते ऐकू येई आणि आवडेही.

तुळजापुरात पिठाची गिरणी लागली आणि तिकडची मागणी आटली. दोन वर्षांनी, दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा, बेंबळीतच गुरुलिंगआप्पानं गिरणी घालायला तेलावर चालणारं इंजन आणलं.

"अम्मा, गिरणीला बी दगडच लागतो," तिचा मुलगा आयुब म्हणाला. "सोलापुराहून मागवतात. आपण घडवला तर? ही एक जोडी चालली की तुळजापूरची गिरणी बी आपल्याकडंच येईल."

"जी आपलं पोट मारतीय तिला दात आपणच करून द्यायचे?"

"आपण न्हाय दिले तर दुसरं कुणी देईल."

तिसऱ्या दिवशी डोक्यावरून पदर घेऊन ती स्वतःच गुरुलिंगआप्पाकडं गेली.

"भाबी, दगड चालला तर कायमचा धंदा तुमचा," आप्पा म्हणाला. "न्हाय चालला तर मात्र वळख मधी आणू नका."

दीड महिना कारखान्यात दुसरं काम झालं नाही. लग्नसराईची जाती मागायला आलेल्यांना परत पाठवलं. खाणीतला सगळ्यात चिवट थर काढला. मधल्या तोंडापासून कडेपर्यंत जरा वाकड्या घळी कोरल्या, म्हणजे पीठ आपोआप बाहेर सरकावं. जात्याला काढत तशाच, फक्त मोठ्या.

"हे तुमच्यानं फिरायचं न्हाय, अम्मा," आयुब म्हणाला.

"मला पीठ बघायचंय. फिरवा तुमी."

वरच्या दगडाला, म्हणजे वरच्या तळीला, लांब दांडे बांधून चार पाथरवट लागले. बिराप्पा त्यांच्यातला वयानं मोठा. तो फिरता फिरता म्हणाला, "आज आमी बी बाया झालो."

"मग ओवी म्हणा की," अजीजाबी म्हणाली.

पीठ मऊसूत पडलं. तिनं अंगठ्यानं चोळलं आणि मान डोलावली. दगड गाडीत चढला.

सोमवारी गिरणीत नारळ फुटला. गावच्या बाया दळणाच्या पाट्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, अजीजाबीही त्यांच्यातच. इंजन धडधडलं, ज्वारी पडायला लागली. पीठ येईना. करपल्याचा वास आला. सगळे इंजनाकडं बघत होते. ती दगडाकडं बघत होती.

"उलटं फिरतंय," ती म्हणाली. त्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

हाताच्या फेऱ्यासाठी कोरलेल्या घळी पीठ बाहेर ढकलायच्या ऐवजी आत ओढत होत्या. इंजनाच्या मिस्त्रीनं चाकावरचा पट्टा उतरवेपर्यंत तापलेली वरची तळी तडकली होती.

"पट्टा कुठल्या अंगानं फिरतो ते विचारायचं न्हाय व्हय?" मिस्त्री म्हणाला. "पट्ट्याला पीळ दिला असता तर फेरा उलटला असता, काम झालं असतं."

आयुबनं आईकडं पाहिलं.

"मी पास केला," ती म्हणाली. "चूक माझी."

पन्नास वर्षांत तिनं जातं दुसऱ्या अंगानं फिरताना पाहिलं नव्हतं. डावखुऱ्या सुनेलासुद्धा सासू उजव्या हातानंच दळायला लावते. जे कधी घडलंच नाही ते विचारायचं कसं?

गुरुलिंगआप्पा चिडला असता तर बरं झालं असतं. "ऱ्हाऊ द्या, भाबी," एवढंच तो म्हणाला. महिन्याच्या आत सोलापूरचे दगड आले.

परत पाठवलेली गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली होती, काहींनी जात्याचा नादच सोडला. उन्हाळ्यात तीन पाथरवट गेले, मग दोन. बिराप्पा शेवटी गेला, जाताना छन्नी ठेवून. आयुब आठवड्यातून दोनदा गिरणीत टाकी लावायला जाऊ लागला आणि भुवयांवर पीठ घेऊन घरी येऊ लागला. शिल्लक जात्यांतली एक तळी कुणी कपडे धुवायला नेली.

एका सकाळी सून सायराबीनं भाकरी वाढली. अजीजाबीनं पहिला घास तोंडात घातला आणि ती थांबली.

"दळण कुठलं?"

सायराबीनं तव्यावरची भाकरी उलटली. तिला सहावा महिना होता. "गिरणीतलं," ती म्हणाली. "मला बसवत न्हाय आता."

अजीजाबी उठली. डब्यातलं चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं, पुन्हा चोळलं. आयुबचा घास हातातच राहिला.

"कच न्हाय," ती म्हणाली. "टाकी चांगली लावलीस."

दारात जाऊन तिनं हात झटकला. कोंबड्या सवयीनं धावत आल्या. टाकायला काही नव्हतं.