पडद्यामागची जागा

चार दोस्त जमले की आमच्या मूल गावच्या सिनेमा-मंडळाचा विषय निघतोच. भातगिरणीमागे कोंडा साचतो तसे या मंडळाचे किस्से साचलेत. एक ओंजळ उचलली की बाजूचा ढीग घसरतो!

मंडळ स्थापन केलं वडीलधाऱ्यांनी. म्हणजे हार त्यांनी घालून घेतले, बांबू आम्ही रोवले. अध्यक्ष वकीलसाहेब. मी नागपूरचं कॉलेज अर्ध्यात सोडून आलेलो, म्हणजे त्यांच्या हिशेबी वाया गेलेला. पण सिनेमे यायचे जपानचे, चीनचे, सिलोनचे, आणि खाली अक्षरं इंग्रजी. वकीलसाहेबांचं इंग्रजी कोर्टातलं. एक वाक्य वाचून अर्थ सांगेपर्यंत पडद्यावरचा माणूस मरून जायचा! शेवटी अर्थ सांगायचा भोंगा वाया गेलेल्याच्याच हाती आला.

*

परवानगीचाच किस्सा घ्या. गिरणीच्या पटांगणात खेळ करायला शेतकी खात्याच्या साहेबांची शिफारस लागत होती. त्या दिवसांत 'जपानी पद्धतीनं धान लावा' असा सरकारी धोशा. सिनेमा जपानचा आहे एवढं ऐकूनच साहेब खूश! आसपासच्या गावांत दवंडी फिरली, शेतकरी बैलबंड्या जुंपून आले, आणि पडद्यावर निघाल्या तलवारी.

साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अहो, पद्धत कुठे आहे?"

बऱ्याच वेळानं एकदाचा रोवणा आला. बाया चिखलात वाकून धान रोवताहेत. सगळं पटांगण उठून उभं! सोमाभाऊ शेतकरी मोठ्यानं म्हणाला, "ह्या तं आपल्यासारख्याच वाकून राह्यल्या! मंग साहेब, तुमी आमाले नवीन काय शिकवून राह्यले?"

*

भोंग्यातून शुद्धच बोलायचं, हा वकीलसाहेबांचा हुकूम. एका खेळात नवरा परमुलखात निघालेला, बायको दारात उभी. वकीलसाहेब मागून कुजबुजले, "म्हण, प्राणनाथ, आपल्या विरहाने मी व्याकूळ होईन."

मी भोंग्यात म्हटलं, "लवकर या जी. मले करमत नाई तुमच्याबिना."

बायांच्या बाजूला सगळे पदर डोळ्यांना. वकीलसाहेब म्हणाले, "अशिष्ट!"

आता त्यांच्याच घरच्या बाई सगळ्यांत जास्त रडत होत्या, त्याला मी काय करू?

*

गर्दी वाढली तसे लोक पडद्याच्या मागेही बसायला लागले. पडदा म्हणजे पातळ चादर. चित्र तिकडूनही दिसायचं, फक्त उलटं. दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात जुंपली. समोर बसलेले म्हणत, तो जपानी पहिलवान उजव्या हातानं तलवार चालवत होता. मागचे म्हणत, "डावखोरा होता, आमी डोयानं पाह्यला!" कॉलर धरण्यापर्यंत मजल गेली. शेवटी वकीलसाहेबांना पंच नेमलं. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि पुढची तारीख दिली!

*

आनंदाबाई तलावातले मासे विकायची. तिचा पोरगा महादेव लढाईत पलटणीबरोबर बर्मात गेला, तो आलाच नाही. मेला असं कोणी कळवलं नाही, जिता आहे असंही नाही. बाई प्रत्येक खेळाला सगळ्यांच्या आधी यायची आणि दोन पोती अंथरायची. एकावर स्वतः बसायची, दुसरं रिकामं.

"बाबू, बर्माचा सिनेमा कवा आणतं?" ती मला दर वेळी विचारायची. "माया पोरगा कसल्या मुलखात रायला, ते एकडाव पाहाचं हाय."

वकीलसाहेबांना ते रिकामं पोतं खुपायचं. एकदा त्यांनी माझ्या हातातून भोंगा ओढून नियमच सांगितला, "न आलेल्या माणसासाठी जागा धरता येणार नाही!" आनंदाबाईनं मुकाट्यानं पोतं उचललं. दिवा मालवल्यावर परत अंथरलं.

हे आमचे वडीलधारे! पोत्यासाठी कायदा काढतील. बर्माचा सिनेमा मागवा म्हटलं की, "बघू."

*

चिनी सिनेमाच्या वेळी मशीनवाल्यानं रिळं मागची पुढं लावली. आधी पोरगा लढाईत मेला, माय ऊर बडवून रडली. मग पुढच्या रिळात तोच पोरगा हसत हसत अंगणात आला अन् जेवायला बसला!

वकीलसाहेब उठले. झाली चूक लोकांना सांगायला हवी, खेळ थांबवायला हवा. तत्त्वाचा प्रश्न!

आनंदाबाईनं त्यांचा कोट धरला. "बसा जी वकीलसायेब. जेवू द्या त्याले."

वकीलसाहेब बसले.

*

त्यानंतर नागपूरच्या सिनेमावाल्याकडे खेटे घालघालून मी बर्माचा सिनेमा आणला. खाली इंग्रजी अक्षरंच नव्हती! भोंगा माझ्या मांडीवर मुका. पडद्यावर मोठी नदी, डोंगे, पाण्यात जाळं फेकणारी माणसं.

"आपल्यासारखंच पाणी हाय बाप्पा," आनंदाबाई म्हणाली. मग हळूच, "मासे खायाले भेटत असतीन त्याले."

तिच्या बाजूला पाहिलं तर त्या दिवशी एकच पोतं.

"बाई, दुसरं कुठी गेलं?"

तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. "पलीकडं अंथरलं. तो तिकडून पाहीन ना."

एवढ्यात बल्लारपूरकडून उशिरा आलेला घोळका जागा शोधत पडद्यामागे निघाला. त्यांच्या पुढे काठी टेकत वकीलसाहेब! म्हातारा आता ते पोतं फेकणार, हे मी ताडलं. आज तोंडावर दोन शब्द सुनवायचेच म्हणून मागोमाग धावलो.

वकीलसाहेब पोत्यापाशी उभे होते. काठी आडवी धरून.

"दुसरीकडे बसा. इथं जागा नाही."

"अहो, पोतं तं रिकामंच हाय जी," घोळक्यातलं कोणीतरी म्हणालं.

"रिकामं नाही," वकीलसाहेब म्हणाले. "माणूस बसलेला आहे."