बाजारच्या दिवशीचं वाचन

आज वाचनालयाचं कपाट उघडलं आणि पुस्तकांना कसर लागू नये म्हणून ठेवलेल्या वेखंडाचा उग्र वास नाकात गेला. वाचनाचा तो पहिला बाजारचा दिवस आठवला.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि जुन्नरचं छोटं वाचनालयही सांभाळायला लागलो होतो. तिकडे कोणी फिरकत नव्हतं. माणसं आली नाहीत तर खोलीला कुलूप लावू, असं पंचमंडळींनी बजावलं होतं. मग मला सुचलं, बाजारच्या दिवशी वर्तमानपत्र वाचून दाखवावं; त्याला वेगळा खर्च नाही. गावात दवंडी दिली, चटई अंथरली, बाजाराचा गलका नको म्हणून खिडकी लावून घेतली आणि वाट पाहत बसलो.

चटई रिकामीच राहिली. बंद खोलीत वेखंडाचा वास कोंडला होता. आता पंचांना काय सांगायचं? शेवटी त्या रिकाम्या चटईपुढेच वाचायला लागलो.

इतक्यात खिडकीबाहेरून हाक आली, "मास्तर, वाईच मोठ्यानं! मागं ऐकू येत न्हाई."

खिडकी उघडली. लेण्याद्रीकडून बाजाराला आलेली कितीतरी माणसं वहाणा काढून भिंतीलगत बसली होती.

"अहो, आत या की!"

"आमी बिनआंघोळीचं," मांडीवर भाजीची पाटी घेतलेली बाई म्हणाली. "पोथ्यांच्या खोलीत कसं यावं?"

त्या दिवशी मी खिडकीत उभं राहूनच वाचलं. आता माणसं आत येतात, चटई भरलेली असते. तरी वाचायला बसण्याआधी मी खिडकी उघडतो आणि खाली वाकून पाहतो.