कस्तूर मादीच्या जिभेतला धागा

चौथ्या जाळ्यात कस्तूर पक्ष्याची मादी उलटी लटकत होती, आणि चोच काही केल्या मिटत नव्हती. ते पाहून सोड्या भराभर जाळ्यापाशी गेला.

त्याचे खरे नाव कार्यालयाच्या हजेरीपटाखेरीज कुठेच उरले नव्हते. पक्ष्यांच्या मोजणीसाठी रानात बारीक जाळी लावायची, अडकलेले पाखरू अलगद सोडवायचे, पायात नंबराचे कडे घालायचे आणि उडवून द्यायचे, हे काम तो एकवीस वर्षे करत होता. एवढ्या काळात जाळ्याचा एकही धागा त्याने कापला नव्हता, आणि हे समोरच्याला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

आज त्याच्या पाठीशी परवाना निरीक्षक उभा होता. दर पाच वर्षांनी तो यायचा, सकाळभर काम बघायचा आणि सही करायचा. शेजारी वही घेऊन वहिनी होती, सोड्याच्या थोरल्या भावाची बायको. नोंदी तिच्याकडे, फाटलेली जाळी सांधणे तिच्याकडे, आणि सोड्याला टोमणे मारण्याचा मक्ताही तिच्याकडेच. गेले वर्षभर टोमणा एकच होता: भाऊजी, चष्मा घ्या, नाहीतर एखाद दिवशी वाळक्या पानाला कडे घालाल.

सोड्या ते हसण्यावारी नेई. हातातली वस्तू त्याला पाण्यात विरघळल्यासारखी दिसू लागली होती. पण चष्मा लागला की परवाना गेला, असे त्याने मनाशी पक्के धरले होते, आणि बोटांच्या भरवशावर वेळ मारून नेत होता.

बोटांनी आताही दगा दिला नाही. मादीची मान दोन बोटांत धरून त्याने आधी पाय सोडवले, मग एक पंख, मग दुसरा. पोटाखाली बोट गेले आणि तो थबकला. तिथली पिसे झडून कातडी उघडी पडली होती, तव्यासारखी गरम. म्हणजे ही घरट्यावर बसून अंडी-पिल्लांना ऊब देणारी होती. कस्तूर झुडपात काड्यामुळ्यांची वाटी बांधतो, मादी तीन-चार अंडी घालते. पिल्ले बाहेर आली की नर-मादी दोघेही दिवसभर जमिनीवर राबतात. पाला उलथायचा, थांबायचे, कानोसा घ्यायचा, पुन्हा उलथायचा. गांडूळ मिळाले की घरट्याकडे. पिल्ले घरटे सोडेपर्यंतचे बारा दिवस त्यात खंड चालत नाही.

धागा नेमका जिभेत रुतला होता. पाखराच्या जिभेच्या मुळाशी घशाकडे वळलेले बारीक काटे असतात, भक्ष्य आत सरकावे म्हणून. धागा त्यांच्यामागे गेला की पाखरू जितके ओढते तितका तो घट्ट बसतो. सुईच्या बोथट टोकाने उचलून तो पुढे आणावा लागतो. सोड्याने सुई घेतली. चोचीत त्याला नुसता गुलाबी ठिपका दिसला.

मिनिट गेले. मादीचे डोळे मिटू लागले.

काय अडलेय, असे निरीक्षकाने विचारले. होतेय, म्हणून सोड्याने वेळ काढली. त्याच वेळी त्याच्या मनात आले, एक झटका दिला तर धागा निघेल. जीभ फाटली तरी पाखरू उडेल. पाठीमागच्या माणसाला काही दिसणार नाही, सही होऊन जाईल. चार दिवसांनी मादी कुठल्यातरी झुडपाखाली उपाशी मरेल, घरट्यातही पिल्लांचे हाल होतील, आणि याची नोंद वहिनीच्या वहीत कधीच येणार नाही.

अंगठा धाग्यावर आवळला. मुठीत मादीचे काळीज धडधडत होते.

"वहिनी, कात्री आणा," तो म्हणाला. "तुम्हीच कापा. मला धागा दिसत नाही."

वहिनीने टोमणा मारला नाही, याचीच त्याला धास्ती वाटली. तिने चोचीभोवतीचे चार धागे कापले आणि आतला तुकडा सुईने उचलून हळूहळू पुढे घेतला. मागोमाग रक्ताचा थेंब आला.

"चष्म्याने परवाना जात नाही," निरीक्षक म्हणाला. "माझ्या नाकावर काय आहे मग? लपवलंत, म्हणून जातोय."

त्याने बजावले, डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला येईपर्यंत पाखराला हात लावायचा नाही, आणि दाखला लवकर आला तरी निदान तीन महिने नाहीच. म्हणजे विणीचा सबंध हंगाम. जाळी आत्ताच उतरवायची.  सोड्याचे सारे लक्ष पाल्यावर ठेवलेल्या मादीकडे होते.

ती फुगून बसून राहिली. मग तुरुतुरु पाच-सहा पावले गेली. जखम खोल असेल तर गिळता येणार नाही, असे निरीक्षक पुटपुटला. तिने एक पान उलटले, मान तिरकी केली, चोच मारली. गांडूळ आले आणि गळून पडले. पुन्हा उचलले, पुन्हा पडले.

वहिनीने सोड्याचा दंड धरला.

तिसऱ्या खेपेला मादीने मान मागे टाकली, आणि गांडूळ आत गेले. जरा वेळाने तिने दुसरे उचलले. ते मात्र गिळले नाही. चोचीत लोंबते धरून ती झुडपात शिरली.

ती दिसेनाशी झाल्यावर सोड्या पहिल्या जाळ्याची दोरी सोडायला गेला.