कार्टाहेनाची पदकं आणि माझा फ्लेक्स

नववीच्या वर्गात दर वर्षी मी एक लढाई शिकवते, जी पुस्तकात नाही. कुपवाडच्या आमच्या शाळेतली पोरं लगेच विचारतात, "मॅडम, परीक्षेला येणार हाय का?" नाही येणार. गप ऐका.

अठराव्या शतकात इंग्रजांनी भलंमोठं आरमार नेऊन दक्षिण अमेरिकेतल्या कार्टाहेना बंदराला वेढा घातला. बंदर स्पेनचं. बाहेरचे किल्ले पडले तशी इंग्रज सेनापतीनं मायदेशी कळवून टाकलं, जिंकलंच म्हणून समजा. तिकडं पदकंसुद्धा पाडली! पदकावर स्पॅनिश सरदार गुडघे टेकून तलवार देतोय. खऱ्या माणसाला एक पाय नव्हता, पदकावर दोन्ही धड. आणि इकडं मुख्य किल्ल्याला लावलेल्या शिड्या तोकड्या निघाल्या, माणसं तापानं पटापट मेली, उरलेली हात हलवत परत गेली. स्पेनची सत्ता त्या मुलखात पुढं पाऊणशे वर्षं टिकली. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं मी म्हणते तेव्हा वर्ग खिदळतो. मला हसू येत नाही.

माझे वडील, आबा, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. मलकापूरच्या पलीकडं आमचं गाव. आबांची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या पोरांना सॅल्यूट ठोकण्यात गेली. त्यांना एकच हवं होतं. एकदा तरी तो सॅल्यूट आपल्या लेकीला ठोकायचा. मी अधिकारी भरतीची लेखी परीक्षा पास झाले, पाच दिवसांची मुलाखत पास झाले, मेडिकलही झालं. राहिली होती फक्त शेवटची गुणवत्ता यादी. मी फोनवर बजावलं, "आबा, यादी लागंपर्यंत कुणाला सांगू नका." आबा म्हणाले, "व्हय व्हय."

एसटीतून फाट्यावर उतरले तर समोर फ्लेक्स. 'गावची पहिली महिला लेफ्टनंट.' फ्लेक्सवाल्यानं माझं तोंड कुणाच्या तरी वर्दीवर चिकटवलेलं. खांद्यावर तारे, छातीवर पदकं! कुठल्या लढाईची, देव जाणे. खाली भावकीचे फोटो, जी बांधावरून आमच्याशी बोलतसुद्धा नव्हती. हलगी वाजत होती, गुलाल उधळला होता. मला उघड्या जीपवर चढायला सांगितलं आणि मी चढले. तेच अजून झोंबतं. आबांना काय नावं ठेवू? नको म्हणायला मलाही तोंड होतं की.

यादी लागली. माझं नाव नव्हतं.

आबांनी फ्लेक्स उतरवला आणि घरात सांगून टाकलं, या विषयावर पुन्हा कुणी बोलायचं न्हाई. त्या पराभवानंतर इंग्रजांच्या राजानंही असाच हुकूम काढला होता म्हणतात. पुढच्या पावसाळ्यात तो फ्लेक्स मला कडब्याच्या गंजीवर दिसला. पांढरी बाजू वर, माझं तोंड कडब्यात. मी बी.एड. केलं, मास्तरीण झाले. पेढे घेऊन गेले तर आबांनी पुडा न उघडता फळीवर ठेवला. बारा वर्षं मी हेच धरून बसले, बापाला माझी लाज वाटते, म्हणून त्यानं मला वैरणीत कोंबलंय.

यंदा मे महिन्यात घरी होते. वळवाच्या वाऱ्यानं गंजीवरचा फ्लेक्स उडाला आणि अंगणात येऊन पडला, रंगीत बाजू वर. आबा काठी टेकत धावले.

मी तडकले. "आवं आबा, जाळा की एकदाचा त्यो! अजून किती दिवस कडबा झाकणार माझ्या तोंडानं?"

"झाकतोय कुठं? उन्हानं रंग उडतो, म्हणून उलटा घालतोय," ते म्हणाले.

खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी तो हळूहळू पुसला. रंग खरंच ताजा होता. तारे, पदकं, माझं तेविशीतलं तोंड, सगळं जसंच्या तसं. मग त्यांनी काठी भिंतीला लावली, टोपी सरळ केली, टाचा जुळवल्या आणि त्या फ्लेक्सला कडक सॅल्यूट ठोकला.

"लय रुबाबदार हुती," म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"धर गं ते टोक," म्हणाले. मी धरलं. दोघांनी मिळून फ्लेक्स परत उलटा करून गंजीवर घातला.