मेन मशीनचा मान

पाटोद्याला आमच्या किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत सुनेनं कॉम्प्युटरचं काम सुरू केलं, तेव्हा गावात त्यातलं कळणारं दुसरं कुणी नव्हतं. माझ्या मुलालाही कळत नव्हतं. पाटीवर नाव मात्र त्याचंच.

त्या वर्षी एका पतसंस्थेनं आपल्या शाखांचे सर्व्हर तयार करायला तिच्याकडे दिले. सर्व्हर म्हणजे शाखेचा सगळा कारभार ज्या एका मशीनवर चालतो ते. पतसंस्थेनं ते मिळतील तिथून घेतले होते. काही नवे, काही कुणीतरी वापरून टाकलेले. एकाला विंडोज लागायचं, दुसऱ्याला लिनक्स. प्रत्येकापुढे सीडी घेऊन बसायचं म्हणजे दिवस जायचा. सुनेनं सगळ्यांच्या वायरी एका मेन मशीनला जोडल्या. कुठलंही मशीन चालू झालं की ते आधी वायरीतून मेन मशीनला विचारायचं, मी काय भरून घेऊ? मेन मशीन त्याच्या आतल्या नेटवर्क कार्डाच्या नंबरावरून त्याला ओळखायचं आणि ज्याचं त्याला द्यायचं. जुन्या मशीनना असं विचारता येत नव्हतं. त्यांच्यात ती एक फ्लॉपी घालायची, मग तीही विचारायला लागायची. सून इकडे भाकरी थापत असायची आणि तिकडे मशीनं आपली आपण भरत असायची.

यात एक धोका होता. मेन मशीन चालू असताना दुसरं कुठलंही चालू केलं, की ते आतलं सगळं पुसून पहिल्यापासून भरायला घ्यायचं. म्हणून काम झालं की ती मेन मशीन बंद ठेवायची. हे तिनं मुलाला माझ्यादेखत सांगितलं होतं, आणि एकदाच नाही.

सर्व्हर भरून झाले. पतसंस्थेचे कारकून रोज येऊन सभासदांची खाती त्यांत टाईप करून गेले. दसरा झाला की मशीनं शाखांना जाणार होती. त्याआधी त्यांची ती विचारायची सवय सून बंद करणार होती.

खंडेनवमीला मुलानं पतसंस्थेच्या चेअरमनना पूजेला बोलावलं. चेअरमन मोठे जमीनदार, सोवळंओवळं पाळणारे. नेमकी त्या दिवशी सुनेची पाळी होती. मुलानं तिला सांगितलं, खोलीत यायचं नाही. मला ऐकून खरंच वाटेना. आम्ही लिंगायत, आमच्या गळ्यात लिंग. विटाळ माझ्या सासूनं पाळला नाही, मी पाळला नाही. मी त्याला विचारलं, "आपल्यात विटाळ कवापासून आला रे?"

"आपल्यात न्हाई, त्यांच्यात हाय," तो म्हणाला. "एका दिवसाचं तर हाय. तू मधी पडू नको, आई."

सून भांडली नाही. फुलं वाहा, कुंकू लावा, पण मेन मशीन चालू करू नका, एवढंच म्हणाली. तो हो म्हणाला.

मी खोलीच्या दाराशी उभी होते. चेअरमननी विचारलं, यातलं मोठं कोणतं? मुलानं दाखवलं. मग पहिला मान त्याचा, असं म्हणून चेअरमननी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मेन मशीनचं बटण दाबलं. मुलगा हात जोडून उभा. आरती झाली. मग त्यानं स्वतःच्या हातानं बाकीची एकेक चालू केली, प्रत्येकाला फूल वाहत.

पंख्यांचा आवाज ऐकून सून स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थांबली, कारण मुलगा तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. ती तिथूनच म्हणाली, वायरी काढा. पुन्हा म्हणाली. तो चेअरमनच्या हातावर पेढा ठेवत होता. शेवटी मीच तिला पाठीला हात लावून आत ढकललं. तिनं वायरी उपटल्या, पण तोवर खाती पुसली गेली होती.

चेअरमननी विचारलं, काय झालं? माझ्या पोटच्या पोरानं सांगितलं, "बायकोनं जोडणी चुकवली, साहेब."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "जोडणी बरोबर हाय. तिनं नको म्हणलेलं बटन तुमी दाबलं, आन् ह्यानं दाबू दिलं. तुमाला न्हाई म्हणायची ह्याच्यात हिंमत न्हाई. जिला ह्यातलं कळतं तिला चुलीपाशी बसवलं, तेबी तुमच्यासाठी."

चेअरमननी हातातला पेढा ताटात ठेवला. मग म्हणाले, "काकू, सणाचा दिवस हाय." आणि चपला घालून गेले.

सर्व्हर त्याच दिवशी पुन्हा भरून झाले. खाती मात्र कारकुनांना परत टाईप करावी लागली. चूक सुनेची असं पतसंस्थेत कुणी म्हणालं नाही. मी तोंडावर बोलल्यावर चेअरमनना ते म्हणता येईना. पण पुढचं काम त्यांनी बीडच्या दुकानाला दिलं.

मुलगा अजून म्हणतो, तू गप्प बसली असतीस तर काम टिकलं असतं. टिकलं असतं, आणि ती चूकही सुनेच्या नावावर टिकली असती. मग तिच्याकडे कुणी मशीन आणलंच नसतं. आज आणतात, आणि तिलाच विचारतात. त्यानं हा विषय काढला की मी ताटावरून उठते. चेअरमनवरचा माझा राग केव्हाच गेला, तो परका माणूस होता. मुलावरचा गेलेला नाही.