व्याह्यांचे टिपूस

ज्या वस्तूचे माप घेता येत नाही ती ईश्वराने निर्माणच केलेली नाही, असे मानणारा मनुष्य उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. रस्तेखात्यात मोजणीदार म्हणून त्यांनी हयात घालवली. पेन्शन झाली तरी काठीवरच्या फुटांच्या खुणा काही पुसल्या नाहीत. माझी मुलगी पाहण्यास ते कल्याणहून ठाण्यास आले तेव्हा मुलीकडे त्यांनी एकदा पाहिले, आमच्या दाराच्या चौकटीकडे चारदा. लग्नात अंतरपाट धरलेला असताना हे गृहस्थ मांडवाचा कोपरा मापीत होते, आणि भर मंगलाष्टकांत माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "रावसाहेब, मांडव दीड वीत तिरका आहे." या वर्तनाबद्दल मी त्यांस चार पानांचे संतप्त पत्र लिहिले. उत्तर आले, त्यात माझ्या पत्राचा समास प्रत्येक पानावर निराळ्या रुंदीचा असल्याचे सप्रमाण दाखवले होते. तेव्हापासून आमचा स्नेह आहे.

अशा माणसाने उतारवयात चाकांवरचे घर बांधावे यात नवल नाही. नवल आहे ते कारणाचे. विहीणबाईंचे माहेर कल्याणपासून दोन दिवसांच्या वाटेवर. तेथे त्यांची म्हातारी आई, डोळ्यांनी गेलेली. आणि लेकीने बारा वर्षांत तिला भेट दिलेली नव्हती. आड येत होते ते सोवळे. आगगाडी तिकडे जात नाही, आणि जाती तरी विहीणबाई तीत बसल्या नसत्या. धर्मशाळेची चूल त्यांना चालत नाही, परक्या विहिरीचे पाणी चालत नाही, आणि दोन दिवसांचा उपास आता झेपत नाही. अशात आईचा निरोप आला : "येणार असलीस तर आता ये." व्याह्यांनी तो दोनदा वाचला आणि सुताराला बोलावणे धाडले.

चार महिने अंगणात ठोकाठोक चालली. सागाच्या पातळ फळ्या वाकवून त्यांनी पाण्याच्या थेंबासारखी आकृती केली. पुढे गोल, मागे निमुळती. थेंबाला वारा अडवीत नाही, हा त्यांचा सिद्धांत. वारा अडवण्याइतका वेग बैलांनी कोठून आणावा, ही माझी लेखी हरकत त्यांनी तोंडी फेटाळली. आत दोघांनी निजावे एवढी जागा. मागची फळी वर उचलली की चूल, पाटा-वरवंटा आणि घरच्या विहिरीच्या पाण्याचे दोन हंडे. हे सर्व दोन चाकांवर, आणि छकड्याच्या मागे लोखंडी आकड्याने अडकवलेले. कल्याणच्या लोकांनी त्यास 'टिपूस' म्हणायला सुरुवात केली.

परीक्षा ठाकुर्लीपर्यंत ठरली. झोप कितपत लागते हे पाहण्यासाठी व्याही टिपसात आडवे झाले. मी पुढे छकड्यात, पायाशी कायद्याच्या पुस्तकांची पेटी. मी वकील आहे, तिच्यावाचून उंबरठा ओलांडीत नाही. नाक्यावरच्या कारकुनाने विचारले, हे वाहन की इमारत? मी तेथेच उतरून त्यास अर्धा तास ऐकवले की जे चालते ते वाहन. पुढे ठाकुर्लीपर्यंत त्याच्या अज्ञानाचे स्वरूप मी आमच्या आगरी गाडीवानाला समजावून देत होतो. तेथे पोहोचल्यावर तो मागे पाहून शांतपणे म्हणाला, "रावसाहेब, मांगचा घर कवाच सुटला वाटतं."

माझ्याच साक्षीदाराने त्यास घर म्हणावे, याचा संताप गिळून आम्ही माघारी फिरलो. हंड्यांच्या भाराने टिपूस उलाळले होते. आकडा निसटून ते वाटेत शेपटीवर बसलेले, नाक आभाळाकडे. आत व्याही उभ्यासारखे आडवे, हाती ओळंबा.

"पस्तीस अंश," ते म्हणाले. "झोप मात्र लागली होती."

घरी आल्यावर मी निर्णय दिला की हंडे वगळावेत. विहीणबाई माझ्याशी कधी समोरासमोर बोलल्या नाहीत. आमच्यात ती रीत नाही. त्या दाराआडून भिंतीशी बोलत. भिंतीला त्या म्हणाल्या, "पाणी राहील. त्यांची ती पुस्तकांची पेटी पुढच्या टोकाला ठेवा म्हणावं. कायद्याचा कुणाला आधार होतो का, ते तरी कळेल."

पेटी ठेवली, आणि टिपूस समतोल उभे राहिले. त्याच जोरावर आम्ही माहेरी पोहोचलो. म्हातारीने सागाच्या पोटावरून हात फिरवून विचारले, "ही कणगी कुणाची गं?" लेकीने तिला हाताला धरून आत नेले. मायलेकी दोन दिवस त्यातच राहिल्या. बाहेर चिंचेखाली आम्ही दोघे व्याही, आणि आतून दोन म्हाताऱ्यांचे हसणे. व्याह्यांची काठी त्या दोन दिवसांत जमिनीवरून उचलली गेली नाही.

म्हातारी त्याच वर्षी गेली. विहीणबाईंना जाऊनही आता दोन वर्षे झाली. टिपूस तेव्हापासून अंगणाच्या कडेला आहे. आणि गेल्या महिन्यात नगरपालिकेची नोटीस आली की सदरहू वस्तू दोन वर्षे हललेली नसल्याने ती इमारत ठरते, व दोन फूट रस्त्यावर येत असल्याने मोडून टाकावी. व्याह्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, "सव्वादोन फूट आहे."

शाबीत करता येणार नाही असे वाक्य मी आयुष्यात लिहिलेले नाही. म्हणून जातीने पाहणीस गेलो. आसाला ताजे वंगण होते. माझी पेटी, जी परत मिळावी म्हणून मी तीनदा लिहिले आहे, टिपसाच्या नाकाशी जागच्या जागी होती. "काढली तर उलाळेल," व्याही म्हणाले. मी मागची फळी उचलली. दोन्ही हंडे काठोकाठ भरलेले होते, त्याच दिवशीच्या पाण्याने.

फळी पुन्हा लावून तिच्यावरच कागद ठेवून मी उत्तर लिहिले : "सदरहू वस्तू वाहन आहे. ते प्रवासास निघण्याच्या तयारीत आहे. बैल तेवढे यावयाचे आहेत."